मेट्रो ३ आली, पण माझ्या निवृत्तीनंतर

चिराबाजार | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.५०

आज सकाळी साडेआठला घरातून निघाले, चार मिनिटं चालून, आजच सुरू झालेल्या मेट्रो ३ च्या गिरगाव स्टेशनात शिरले आणि मरोळ नाक्याचं तिकीट काढलं. मरोळला माझं काही काम नव्हतं. तिथल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात मी सव्वीस वर्षं नोकरी केली आणि ३० जूनला निवृत्त झाले. आज त्याला एकशे एक दिवस झाले.

सव्वीस वर्षं माझा रस्ता ठरलेला होता. चर्नी रोडला स्लो पकडायची, अंधेरीला उतरायचं, पुढे बस. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हापासून बसच्या जागी मेट्रो. दारापासून दारापर्यंत दीड तास, आणि पावसात पाणी साचलं की त्याला काही धरबंध नाही. आज गिरगावहून बसले ते एकदाही गाडी न बदलता चाळीसेक मिनिटांत मरोळला उतरले. बसायला जागा मिळाली. पदर खांद्यावर होता तसाच राहिला. भुयारात फोनला रेंज नव्हती, म्हणून पोहोचल्याचं घरी लगेच कळवता आलं नाही. वर आले, जुन्या ऑफिसच्या गेटापर्यंत चालत गेले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने ओळखलं. "मॅडम, आज लवकर?" म्हणाला. मला उत्तरच सुचेना.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. २०१८ साली कंपनीने मला फोर्टच्या छोट्या ऑफिसात बदली देऊ केली होती. हुद्दा एक पायरी खाली, पगार तोच. फोर्ट म्हणजे आमच्या घरापासून बसने पंधरा मिनिटं. घरात आठवडाभर खल झाला. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, मुलगा दहावीला. हे म्हणाले, "तीन वर्षांत घराखालून मेट्रो धावणार आहे. इतक्या वर्षांचा हुद्दा कशाला सोडतेस?" रस्ताभर हिरवे पत्रे उभे होते, खोदकाम डोळ्यांना दिसत होतं, २०२१ हे साल सगळ्यांच्या तोंडी होतं. मी नाही म्हणून कळवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०२१ गेलं, २०२२ गेलं. दर खेपेला नवी तारीख पेपरात वाचली. आधीची का हुकली, ते तारखेच्या शेजारी कधी छापलेलं पाहिलं नाही. सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी संध्याकाळी साडेसातच्या आत घरी पोहोचले असे दिवस बोटावर मोजता येतील.

मेट्रो चांगली झाली आहे. स्वच्छ आहे, थंडगार आहे, आमच्या गिरगावच्या पोटातून इतकं मोठं काम झालं याचा मला अभिमान वाटतो. तरीही मनात जे साठलंय ते लिहावंसं वाटलं. तुमच्यापैकी कुणी या तारखांवर विसंबून घर घेतलं, नोकरी धरली किंवा सोडली, मुलांची शाळा ठरवली असं आहे का? असेल तर सांगा.

आठ_बाराची_विरार | ९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

ताई, निवृत्तीच्या शुभेच्छा. चहावाल्याचा प्रसंग वाचून गलबललं. आम्हा विरारकरांना या मेट्रोचा थेट उपयोग थोडाच, पण आजच्या गर्दीतली काही माणसं जरी भुयारात गेली तरी दादर-अंधेरीला श्वास घेता येईल.

मरोळ_मिलिटरी_रोड | ९ ऑक्टोबर, रात्री १०.३१

आम्ही घर घेतलं. २०१७ ला, मरोळला. बायकोचं ऑफिस मंत्रालयाजवळ, माझं सीप्झमध्ये. बिल्डरच्या माहितीपत्रकात मेट्रो ३ ची रेघ ठळक होती आणि तिच्या नावाने चौरस फुटाचा दरही चढा होता. हप्ते २०१७ पासून सुरू झाले. बायकोला थेट गाडी आज मिळाली.

मधल्या टप्प्यांचा अनुभव मुद्दाम लिहितो. गेल्या वर्षी ७ ऑक्टोबरला आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सुरू झालं. १२.६९ किलोमीटर, दहा स्टेशनं. बीकेसीत नोकरी असणाऱ्यांचं भलं झालं. दक्षिण मुंबईत जाणाऱ्याला बीकेसीला उतरून वांद्र्यापर्यंत रिक्षा, मग पुन्हा लोकल, म्हणजे होती ती दगदग जमिनीखाली जाऊन वर आली इतकंच. मग सगळे म्हणायला लागले की गाड्या रिकाम्या धावतात, लोकांना मेट्रो नकोच आहे. लोकांना हवी होती, पण ती त्यांच्या कामाच्या ठिकाणापर्यंत जात नव्हती. या मेच्या १० तारखेला आचार्य अत्रे चौकापर्यंत वाढली आणि २६ मेच्या पावसात त्याच स्टेशनात पाणी शिरलं. बायको त्या दिवशी नेमकी तिकडे निघालेली होती. त्यानंतर तिने मेट्रोचं नाव टाकलं ते काल रात्रीपर्यंत. आज सकाळी मात्र माझ्या आधी तयार होऊन बसली होती.

नागपूरकर_नीरी | ९ ऑक्टोबर, रात्री १०.५०

आमच्या नागपूर मेट्रोचं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ चं. तुमच्या मेट्रो ३ चंही त्याच महिन्यातलं ना? आमच्याकडे पहिली गाडी मार्च २०१९ ला धावली, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ ला पुरा झाला. अर्थात आमची मेट्रो खांबांवरची, आणि रस्ते तुमच्यापेक्षा ऐसपैस. तुलना करत नाही, फक्त तारखा सांगितल्या.

भुयारी | ९ ऑक्टोबर, रात्री ११.४४

चिराबाजार ताई, मी स्थापत्य अभियंता आहे आणि या मार्गाच्या एका टप्प्यावर सहा वर्षं काम केलं. कुठल्या कंपनीत ते लिहिणार नाही. तुमचा लेख वाचून झोप लागेना म्हणून लिहायला बसलो. तारखांच्या शेजारी कारण छापलं नाही असं तुम्ही म्हणता, तर मला दिसलेली कारणं लिहितो.

एकूण मार्ग ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं जमिनीवरचं एकच, आरे. बाकी २६ भुयारात. जायचं भुयार वेगळं, यायचं वेगळं. त्यासाठी १७ टनेल बोअरिंग मशिनं उतरवली. सूर्या, वैतरणा, कृष्णा, गोदावरी, तानसा, तापी, वैनगंगा अशी नद्यांची नावं दिली होती. यंत्र एका विवरातून खाली सोडायचं, पुढच्या स्टेशनच्या खड्ड्यात बाहेर काढायचं. अशी ४२ वेळा यंत्रं आरपार निघाली. पहिल्यांदा सप्टेंबर २०१८ मध्ये, शेवटची ३० नोव्हेंबर २०२२ ला महालक्ष्मीला.

लोकांना वाटतं यंत्र खोदतं ते काम अवघड. खरं सांगू? यंत्राचा रोजचा वेग आम्हाला बराचसा सांगता यायचा. बेसॉल्ट लागला की चाल एक, ब्रेशिया लागला की दुसरी, पाणी झिरपायला लागलं की सिमेंटचं ग्राउट मारायचं आणि पुढे जायचं. मागे काँक्रीटचे वक्र तुकडे जोडत एकेक कडं बसवत यायचं. खरी कसोटी स्टेशनांची. स्टेशन म्हणजे जमिनीखाली उभी केलेली, फलाटाएवढ्या लांबीची अनेक मजली इमारत. आठ डब्यांची गाडी मावली पाहिजे. बीकेसीला मोकळी जागा होती, वरून खोदून खाली गेलो. गिरगाव-काळबादेवीला जगन्नाथ शंकरशेट रस्ता केवढा, तुम्हाला माहीत आहे. दोन्ही बाजूंना शंभर वर्षांच्या चाळी. तिथे रस्ता उघडा टाकणं शक्यच नव्हतं. म्हणून बाजूला विवर घेऊन आत शिरायचं, हातभर खडक फोडायचा, लगेच त्यावर काँक्रीट फवारायचं, खिळे ठोकायचे, वरच्या घरांची मोजमापं बघायची आणि मगच पुढचा हात. नाटम पद्धत म्हणतात तिला. यात घाई करणारा माणूस वरच्या घरांतल्या लोकांचा जीव धोक्यात घालतो. गिरगाव स्टेशनला जी वर्षं जास्त लागली त्यातली काही या सावकाशीची आहेत, आणि त्यांबद्दल मला कसलाही खेद नाही.

बाकीची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. दक्षिण मुंबईतली झाडं तोडायला २०१७ मध्ये काही महिने न्यायालयाची स्थगिती होती. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने कफ परेडकडे रात्री दहा ते सकाळी सहा कामाला मनाई केली, ती ऑगस्ट २०१८ मध्ये उठली. तिथल्या लोकांची झोप उडाली होती हे खरं. खडकाचा राडारोडा नेणारे डंपर दिवसा त्या रस्त्यांवरून हलत नाहीत हेही खरं. मग २०२० चा लॉकडाऊन. आमच्या छावणीतली निम्म्याहून जास्त माणसं गावी गेली. बिहार, ओडिशा, बंगाल, झारखंड. वेल्डिंगचा हात बसलेला माणूस गेला की त्याच्या जागी नवा माणूस लगेच उभा राहत नाही.

जुना_दादरकर | १० ऑक्टोबर, सकाळी ७.१५

भुयारी यांनी इतकं लिहिलं, पण मुख्य गोष्ट टाळली. आरेच्या कारशेडवरची, म्हणजे गाड्या ठेवायच्या जागेवरची, स्थगिती. २९ नोव्हेंबर २०१९ ते २१ जुलै २०२२, जवळपास दोन वर्षं आठ महिने. प्रकल्पाचा खर्च मूळ २३,१३६ कोटी होता, तो ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. जपानच्या जायका या संस्थेचं कर्ज आहे, ते आपण सगळ्यांनी फेडायचंय. या ताईंच्या निवृत्तीआधी गाडी आली नाही याला आरेतली झाडं वाचवायचं ते आंदोलन जबाबदार आहे असं माझं ठाम मत आहे.

आरेची_लेक | १० ऑक्टोबर, सकाळी ९.०२

काका, मी त्या आंदोलनात होते, म्हणून उत्तर देते. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. मी आरे कॉलनीतल्या रस्त्यावर उभी होते. अंधारात झाड पडतं तेव्हा आधी वरच्या फांद्या शेजारच्या झाडाला घासत येण्याचा आवाज होतो, मग जमिनीचा. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती.

आता तुमच्या आरोपाबद्दल. स्थगिती कारशेडच्या कामाला होती, भुयाराला नव्हती. शेवटचं भुयार नोव्हेंबर २०२२ ला आरपार झालं हे वर भुयारी यांनीच लिहिलंय. कारशेड स्थगितीच्या दिवशीच तयार झालं असतं तरी गाडी गिरगावला कुठून येणार होती? कारशेडची स्थगिती उठल्यावरही गिरगावात गाडी यायला तीन वर्षं लागली. ती वर्षं तर स्थगितीची नव्हती.

ताईंच्या सासूबाईंबद्दल वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांच्या त्या संध्याकाळी आमच्यामुळे गेल्या असं मला कुणी पटवून दिलं तर मी मान्य करेन. अजून पटलेलं नाही.

जुना_दादरकर | १० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

ताई, गाड्या ठेवायला, धुवायला, तपासायला जागाच नसेल तर चाचण्या होणार कशा? कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, तिथे डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती आली. म्हणजे ना इकडे, ना तिकडे. हा काळ फुकट गेला की नाही?

भुयारी | १० ऑक्टोबर, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, आणि ते कुठल्या टप्प्यासाठी खरं आहे ते बघायला हवं.

आरे ते बीकेसी हा टप्पा कारशेडमुळे निश्चित रखडला. तिथली भुयारं आधी झाली होती, स्टेशनं पुढे होती. पहिली गाडी आंध्रातल्या श्रीसिटीहून ऑगस्ट २०२२ ला आली तेव्हा तिच्यासाठी सारीपूत नगरला तात्पुरती सोय करावी लागली. गाडी आली की दुसऱ्या दिवशी माणसं बसवता येत नाहीत. रुळांवर वेगाच्या चाचण्या, ब्रेक, सिग्नल, फलाटाच्या काचेची दारं आणि गाडीची दारं एका रेषेत येतात का, धूर झाला तर पंखे तो कुठल्या दिशेला ओढतात, आणि सगळ्यात शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. हे महिनोन् महिने चालतं. ते उशिरा सुरू झालं कारण गाड्या उभ्या करायला घर नव्हतं. तेव्हा मरोळच्या दादांना बीकेसीपर्यंतची गाडी आधी मिळू शकली असती असं मी म्हणेन.

गिरगावचं तसं नाही. गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक या पट्ट्यात स्टेशनांचाच वेळ लागला. कारशेड असतं तरी तिथे फार फरक पडला नसता. चिराबाजार ताईंची वर्षं आरेत गेली नाहीत, त्यांच्या घराखालीच गेली.

आरेची_लेक | १० ऑक्टोबर, दुपारी १.४१

हे असं टप्प्याटप्प्याने कुणी आधी मांडलं असतं तर आम्ही सहा वर्षं एकमेकांवर ओरडत बसलो नसतो. धन्यवाद. बीकेसीच्या टप्प्याबद्दल तुमचं म्हणणं मी स्वीकारते. झाडांबद्दल माझं मत तेच आहे.

मोरा_बंदर | १० ऑक्टोबर, दुपारी ३.१०

मी उरणचा. आमच्या गाडीची गोष्ट ऐका. माझ्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, उरणला रेल्वे येणार असं ठरलं. ११ नोव्हेंबर २०१८ ला ती खारकोपरपर्यंत आली आणि तिथेच थांबली. उरणला पोहोचली १२ जानेवारी २०२४ ला. खारफुटी, वनखात्याच्या परवानग्या, गावकऱ्यांच्या जमिनींचे प्रश्न, एकेक सुटायला वर्षं. तोवर आम्ही मोऱ्याहून लाँच धरून भाऊच्या धक्क्याला जायचो. ओहोटीला लाँच धक्क्याला लागायची नाही, मग पाणी चढेपर्यंत बसून राहायचं. माझी एक वर्गमैत्रीण हुशार होती. मुंबईत कॉलेज मिळालं, पण लाँचचा भरवसा नाही म्हणून घरच्यांनी पाठवलं नाही. तिची मुलगी आता रोज ट्रेनने नेरूळला जाते.

चिराबाजार ताई, तुमचा प्रश्न होता ना, कुणी निर्णय घेतला का. आमच्याकडे गाडी येणार या आशेवर कुणी निर्णय घेतले नाहीत, ती येणार नाही असं धरूनच घेतले. नुकसान दोन्हीकडे सारखंच.

थेम्सकाठी | १० ऑक्टोबर, सायंकाळी ६.४८ (भारतीय वेळ)

लंडनहून लिहितेय. माहेर गिरगावातलंच, फडके गणपतीच्या मागे. इथल्या एलिझाबेथ लाइनचं पाहिलेलं सांगते. मधला भुयारी भाग डिसेंबर २०१८ ला उघडणार होता. मी तेव्हा पूर्व लंडनमध्ये भाड्याने राहायचे आणि त्या तारखेच्या हिशेबाने करार वाढवला होता. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी जाहीर झालं की डिसेंबर जमणार नाही. म्हणजे चार महिने आधी. गाडी धावली २४ मे २०२२ ला, आणि बाँड स्ट्रीट स्टेशन तर त्यानंतर पाच महिन्यांनी उघडलं. भुयारं केव्हाच खोदून झाली होती. अडलं ते सिग्नलच्या सॉफ्टवेअरमध्ये. एकाच गाडीला वाटेत तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांमधून जावं लागतं, त्यांचा मेळ बसेना. आणि स्टेशनांची कामं मागे राहिली म्हणून चाचण्यांसाठी राखलेला वेळ त्यांनी खाऊन टाकला.

उशीर इथेही झाला, पैसाही बेसुमार वाढला. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. २०१९ च्या मे महिन्यात संसदेला जबाबदार असलेल्या लेखापरीक्षण संस्थेचा अहवाल आला. कुठला निर्णय चुकला, जुनी तारीख धरून ठेवल्यामुळे काय बिघडलं, हे सगळं साध्या भाषेत. मी नोकरी करणारी साधी बाई, बसमध्ये बसून वाचला. राग गेला नाही, पण पुढच्या वेळी तारीख जाहीर झाली तेव्हा तिच्यावर किती विसंबायचं हे मला कळत होतं. पुढे ते तारखेऐवजी सहा-सहा महिन्यांचा पट्टा सांगायला लागले. मी त्या पट्ट्याचं शेवटचं टोक धरून करार केला.

चिराबाजार | १० ऑक्टोबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. आयुष्य आकडे मांडण्यात गेलंय, म्हणून माझा हिशेब मांडते. २०२२ च्या जानेवारीपासून या जूनपर्यंत साडेतीन वर्षं. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर पावणेनऊशे दिवस. जाऊन-येऊन दिवसाला दीड तास वाचला असता. तेराशे तासांच्या वर होतात. नोकरीच्या आठ तासांनी भागलं तर एकशे चौसष्ट दिवस. मी हे कुणाकडे मागत नाहीये, कागदावर उतरवलं की जिवाला बरं वाटतं.

भुयारी, तुम्ही लिहिलंत की गिरगावला सावकाश जावंच लागणार होतं. मला हे २०१८ ला कुणी सांगितलं असतं तर? "बाई, तुमच्या रस्त्याखाली हातभर खडक फोडून थांबावं लागतं, बीकेसीला चार वर्षं लागली तर तुम्हाला सात-आठ लागतील," एवढं. सगळ्या मार्गाला मिळून एकच साल सांगितलं गेलं. जिथे जागा मोकळी तिथेही तेच, जिथे चाळीला चाळ लागून तिथेही तेच. मी फोर्टची बदली घेतली असती. हुद्दा गेला असता, संध्याकाळ मिळाली असती. उशीर झाला यापेक्षा तो होणार हे काम जाणणाऱ्यांना दिसत असून आम्हाला कळलं नाही, हे मला जास्त लागलंय.

थेम्सकाठी, तो सहा महिन्यांचा पट्टा मला फार आवडला. आमच्या कंपनीत वसुलीचा अंदाज आम्ही असाच द्यायचो, लवकरात लवकर आणि उशिरात उशीर. एकच आकडा दिला तर साहेब परत पाठवायचे.

फणसवाडी | १० ऑक्टोबर, रात्री १०.२२

मी बहुतेक वेळा नुसता वाचतो. आज लिहितो. आमची इमारत या स्टेशनसाठी पाडली. आईवडील, मी, बायको, दोन मुलं. भाड्याच्या घरांत तीन बिऱ्हाडं बदलली. नवं घर त्याच भागात मिळणार हे कबूल झालेलं आहे आणि मिळेल यावर माझा विश्वास आहे. वडील रोज संध्याकाळी लांबून येऊन ठाकुरद्वारच्या नाक्यावर जुन्या मित्रांबरोबर उभे राहतात आणि परत जातात. काल गाडी सुरू झाली तर म्हणाले, "चला, आता यायला बरं पडेल." घर कुठे होतं ते स्टेशनच्या कुठल्या जिन्याच्या जागी येतं, हे त्यांनी मला पावलं मोजून दाखवलं.

घराच्या ताब्याची तारीखसुद्धा ताई म्हणतात तशी, कारणासकट आणि पट्ट्यात मिळाली, तर मुलांच्या शाळेचं ठरवता येईल. धाकटी पुढच्या जूनला पहिलीत जाईल.

मरोळ_मिलिटरी_रोड | १० ऑक्टोबर, रात्री १०.४०

फणसवाडी, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. आम्ही त्या जिन्यावरून जाऊ तेव्हा आठवण ठेवू.

आठ_बाराची_विरार | १० ऑक्टोबर, रात्री ११.००

कुणी माहीतगार असेल तर सांगा. चर्चगेटला लोकलमधून उतरून मेट्रो धरायची असेल तर किती चालावं लागतं? गुडघे दुखतात म्हणून विचारतोय.

मरोळ_मिलिटरी_रोड | १० ऑक्टोबर, रात्री ११.०८

बायको म्हणते फार नाही, पण पाट्या नीट बघा, चुकीच्या जिन्याने वर आलात तर रस्ता ओलांडावा लागतो. लिफ्ट आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटं हातात ठेवा.

चिराबाजार | ११ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

भुयारी, एक विचारायचं राहिलं. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर खोदकाम सुरू व्हायच्या आधी एक छोटं उपकरण बसवलं होतं. दोन पारदर्शक पट्ट्या, एकीवर बारीक चौकटी, दुसरीवर अधिक चिन्हासारखी लाल खूण, आणि खाली जुनी भेग. एक मुलगा यायचा, वहीत आकडा लिहून जायचा. खाली यंत्र जात असल्याच्या दिवसांत तर रोज. मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि सासूबाई अंथरुणातून विचारायच्या, "आली का गं गाडी?" तो मुलगा मग यायचा बंद झाला. उपकरण अजून भिंतीवर आहे. दिवाळीचा रंग काढायचाय, ते काढलं तर चालेल का?

भुयारी | ११ ऑक्टोबर, सकाळी ८.५०

ताई, तो आकडा संध्याकाळपर्यंत आमच्याकडे यायचा. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की खालचं काम थांबवून आधी कारण शोधायचं, असा नियम होता. मी स्वतः अशा वह्या तपासल्या आहेत. तुमच्या रस्त्यावरच्या असतील किंवा नसतील.

काढू नका. आता खालून गाड्या जात राहतील. निदान पुढचा पावसाळा जाऊ द्या. भोवतीने रंग काढा, पट्टीवर ब्रश लागू देऊ नका. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच तारखेला, लाल खूण कुठल्या चौकटीवर आहे ते पाहून लिहून ठेवा. एक चौकट म्हणजे एक मिलिमीटर. खूण हलायला लागली तर फोटो काढून ठेवा आणि लगेच लेखी कळवा.

चिराबाजार | ११ ऑक्टोबर, सकाळी ९.२०

आत्ता चष्मा लावून पाहिलं. लाल उभी रेघ शून्याच्या उजवीकडे एका चौकटीवर आहे, आडवी शून्यावर. जुन्या हिशेबाच्या वहीत नवीन पान काढून लिहिलंय. दर महिन्याच्या ११ तारखेला बघेन.